दोघांचं गाठोडं

ओंकारचं बोट चुकलं ते निव्वळ सवयीनं.

कुसगावातल्या त्या हॉटेलचा हॉल बऱ्यापैकी भरला होता. हॉटेलवाले, बंगले भाड्यानं देणारे, दोन-चार प्राध्यापक, आणि पहिल्या रांगेत ओंकारचे आईवडील, म्हणजे मुक्ताबाई आणि महिपती आबा. लॅपटॉपला हळदीकुंकू लावून झालं होतं, नारळ फुटला होता. ओंकारनं बनवलेलं ‘गाठोडं’ आज लोकांसाठी खुलं होत होतं. ब्राउझरला जोडायचं छोटंसं साधन. ढीगभर टॅब उघडून ठेवायची ज्यांना खोड आहे, त्यांनी ते एका गाठोड्यात बांधायचे, त्याला नाव द्यायचं आणि हवं तर आणखी कुणाला त्यात घ्यायचं. मग एकानं उघडलेलं पान दोघांकडं उघडतं, एकानं बंद केलेलं दोघांकडं बंद होतं.

“आता गंमत बघा,” नवाज माइकवर म्हणाला. तो ओंकारचा भागीदार. बोलायची सगळी कामं त्याच्याकडं. “ओंकार इथं आहे आणि आमचा दुसरा माणूस वलवणला आपल्या घरी बसलाय.” समोर आबा बसलेले, म्हणून त्यानं नाव घ्यायचं टाळलं. “ओंकार, सहलीचं गाठोडं उघड.”

ओंकारनं उघडलं, पण सहलीचं नव्हे, त्याच्या वरचं. वर्षभर रोज सकाळी तो तेच उघडत आला होता, हाताला दुसरं ठाऊकच नव्हतं. मोठ्या पडद्यावर टॅबची रांग लागली. वलवण धरणाजवळ भाड्याच्या दोन खोल्या, जुना फ्रिज, भिंतींचे रंग, बिडाचा तवा, आणि शेवटी विवाह नोंदणीची माहिती.

हॉलमध्ये खसखस पिकली. “लग्न ठरलं वाटतं!” मागून कुणीतरी ओरडलं.

नवाजचा चेहरा पडला, पण गडी हजरजबाबी. “उदाहरण आहे हो! नव्या जोडप्याला घर मांडायचंय, तर गाठोडं कसं कामाला येतं ते बघा.”

ते उदाहरण नव्हतं. ते ओंकारचं आणि वलवणला बसलेल्या राजेश्वरीचं होतं. दिवाळीनंतर दोन्ही घरांची बैठक बसली, दोघांचं देवक कळंबाचंच निघालं, आणि महिपती आबा पोह्यांची बशी खाली ठेवून उठले. देवक एक म्हणजे भाऊ-बहीण, विषय संपला. त्यानंतर ओंकारनं विवाह नोंदणीचं पान गाठोड्यात टाकलं आणि तिला लिहिलं, ‘तू हो म्हण, बाकी मी बघतो.’ ती हो म्हणाली नाही, नाहीही म्हणाली नाही. आज संध्याकाळी तळेगावच्या स्थळाशी तिची सुपारी फुटायची होती. तरी आत्ता ती कबूल केल्याप्रमाणे लॅपटॉप उघडून बसली होती. हातातलं काम अर्धवट सोडणारी ती नव्हेच. ओंकारला मात्र त्यातही आशा दिसत होती. प्रेमात पडलेल्या माणसाला ती कशातही दिसते.

तिच्या पडद्यावरही तेच गाठोडं उघडलं असणार. ओंकारनं मुद्दामच उघडलं, चार लोकांसमोर आपल्याला शेवटचं विचारलं, असंच तिला वाटलं असणार.

फ्रिज बंद झाला.

“आलं लक्षात? तिकडं बंद, इकडं बंद!” नवाज म्हणाला. टाळ्या पडल्या.

भिंतींचे रंग गेले. मग बिडाचा तवा गेला. तो तवा राजेश्वरीनं मुक्ताबाईंना विचारून निवडला होता. ‘त्या काळ्या गुळगुळीत तव्यावर भाकरी फुगत न्हाई गं’ असं त्यांनीच तिला बजावलं होतं. मुक्ताबाई खुर्चीत पुढं सरकल्या. तेवढ्यात दोन खोल्याही गेल्या.

विवाह नोंदणीचं पान तेवढं उरलं. ते तसंच राहिलं, इतका वेळ की नवाजही बोलायचा थांबला. राहू दे, ओंकार मनात म्हणत होता, देवा, एवढं एक राहू दे.

तेही गेलं.

त्याला राहवलं नाही. त्यानं ते पान परत उघडलं. ते लगेच बंद झालं. त्यानं पुन्हा उघडलं. या वेळी ते जरा थांबून बंद झालं आणि पडद्यावर अक्षरं आली, ‘या गाठोड्यात आता तुम्ही एकटेच आहात.’ हे वाक्य ओंकारनंच लिहिलं होतं. किती कोरडं लिहितोस रे, असं राजेश्वरी तेव्हा म्हणाली होती, आणि दुसरं सुचेपर्यंत राहू दे म्हणून त्यानं ते तसंच ठेवलं होतं.

हॉलमध्ये टाळ्यांचा कडकडाट झाला. एका बंगलेवाल्यानं तर शिट्टी मारली. दोन्हीकडून चालतं, उघडतंही आणि बंदही होतं, हे सगळ्यांना पटलं होतं. ओंकार पडद्याकडं तोंड करून उभा होता आणि नवाज माइक बंद करून त्याच्या पाठीवर हात ठेवून होता.

महिपती आबा तर उभेच राहिले. पोरगं इतकी वर्षं त्या डबड्यात काय करतंय, ते त्यांना आज कळलं होतं. हात वर करून ते टाळ्या पिटत होते. “लय भारी चालतंय रं पोरा! लय भारी!”

मुक्ताबाईंनी त्यांचे दोन्ही हात धरले आणि खाली ओढले.

“आवो, टाळ्या नका वाजवू,” त्या म्हणाल्या. “पोरगी संसार आवरून गेली.”