रायलीचा गणिताचा तास

“आधी टोपी घाला साहेब, सही मग,” मुख्याध्यापिका खैरनारबाई म्हणाल्या आणि त्यांनी तपासणीचा अहवाल स्वतःकडे ओढून घेतला.

मुलाला वर्गात काय ऐकू येतं, काय वाटतं, ते साहेबांनाही अनुभवता यावं म्हणून जिल्ह्याने प्रत्येक शाळेला ही टोपी दिली होती. शिक्षणाधिकारी निकम मात्र चार वर्षं ती न घालताच सह्या करत होते. आज बाईंचा संयम संपला होता.

निकमांनी नाइलाजाने टोपी घातली. चौथीतल्या रायली पावराचा गणिताचा तास त्यांच्या डोक्यात सुरू झाला. तिसऱ्याच मिनिटाला त्यांनी ती उतरवली. कपाळ घामाने भिजलं होतं.

“बिघडलीय ही. गुरुजी बोलतायत, पण एक शब्द कळत नाही. नुसती भीती वाटत राहते.”

“बिघडलेली नाही. रायलीच्या घरी पावरी बोलतात, गुरुजींचं मराठी तिला कळत नाही. तिला रोज पाच तास असंच ऐकू येतं. पावरी येणारी शिक्षिका द्या, म्हणून मी तीनदा लिहिलं. तुम्ही तीनदा ‘निकाल समाधानकारक’ असा शेरा मारून अर्ज परत पाठवलात.” बाईंचा आवाज रागाने कापत होता. “आणि मी तरी कोण मोठी? मीही टोपी परवा पहिल्यांदा घातली.”

निकमांनी शिक्षिकेसाठीचा अर्ज मागून घेतला आणि मंजुरीची सही केली.

“झालं समाधान?”

“नाही.” बाईंनी टोपी पुन्हा त्यांच्यापुढे सरकवली. “तास अजून जवळजवळ सगळा बाकी आहे, साहेब. तिला मधेच उठता येत नाही.”