बिनशपथेची साक्ष

“उचला की पाद्रीबुवा! चिमूटभर भंडारा अन् दोन बेलाची पानं. हात जळतोय व्हय?” उत्तरेश्वर म्हणाला आणि खंडोबाच्या देवळापुढं जमलेलं गाव खो खो हसलं.

चन्नबसप्पा बेलभंडाऱ्याच्या ताटापुढं उभा होता. भांडण हद्दीच्या दगडाचं होतं. नांगरटीनंतर दगड सात फूट सरकला आणि विधवा कडूबाईचा बोअर उत्तरेश्वरच्या रानात गेला. सरकारी मोजणीला वर्ष लागणार, पेरणी आठ दिवसांवर. जुना दगड कुठं होता हे सांगणारा माणूस एकच, त्या बांधावर बारा वर्षं शेरडं राखणारा चन्नबसप्पा. आणि तो पडला ख्रिस्ती! गावात बेलभंडार उचलून शपथ घेतल्याशिवाय साक्ष धरत नाहीत. त्याचं शास्त्र म्हणतं, शपथच घेऊ नका.

“भंडाऱ्याचा मान हाय मला,” तो हळू म्हणाला. “पण म्या शपथ घेत न्हाय. कशाचीच. इचारा, खरं तेच सांगतो.”

“तुमच्या येशूची बी न्हाय?”

“त्याची तर न्हायच.”

“देव बदलला, आता जीभ बदलायला किती उशीर!” उत्तरेश्वरनं टाळी मागितली. चार जणांनी दिली.

कडूबाई रडकुंडीला आली. “आप्पा, येवढ्या बारी उचला. माझं रान वाळून जाईल हो!”

टोमणे तो वर्षानुवर्षं गिळत आला होता. हे मात्र काळजाला लागलं. त्याचा हात ताटाकडं गेलासुद्धा. मग त्यानं तो मागं घेतला.

“आक्का, माफ करा,” तो म्हणाला. त्याचे डोळे भरले होते.

“साक्ष बाद!” कुणीतरी ओरडलं.

सरपंच अयोध्याबाईंनी ताट उत्तरेश्वरपुढं सरकवलं. “मग तुम्ही उचला. दगड हलवला न्हाय म्हणा. इषय मिटला.”

उत्तरेश्वरनं झटक्यात हात पुढं केला. बोटं भंडाऱ्याला टेकली. समोर चन्नबसप्पा मान खाली घालून उभा होता. कडूबाईचा हातातोंडाशी आलेला न्याय त्यानं शपथेपायी घालवला होता, पण तोंडावर ना राग, ना रुसवा. उत्तरेश्वरची चिमूट काही उचलेना.

त्यानं बोटं धोतराला पुसली आणि सरपंचांकडं बघितलं.

“ह्यो बोट दाखवंल तिथं दगड रोवा,” तो म्हणाला. “शपथ माझ्यासारख्याला लागती, ह्याला न्हाय.”