पहिलं बाळंतपण

आष्टीजवळच्या मिशन दवाखान्यात सलोमी साळवे मेट्रन होत्या. एका दुपारी त्यांनी नर्स सत्यशीलाला पुढं केलं. "आजचं बाळंतपण तू करायचं."

तीन वर्षं सत्यशीला नुसती मदतीला उभी राहत आली होती. ती घाबरली. "मॅडम, मला न्हाई जमायचं."

"जमतंय तुला. मी रोज बघते. आज तू सांगायचं, मी मदत करायची."

बाळाचं डोकं बाहेर आलं आणि सत्यशीलाला दिसलं, मानेला नाळेचा वेढा बसलाय. तिनं मेट्रनकडं पाहिलं. त्या काहीच बोलल्या नाहीत. शेवटी तीच बाळंतिणीला म्हणाली, "ताई, आता जोर लावू नका, नुसता श्वास घ्या." मग बोट घालून तिनं वेढा डोक्यावरून अलगद काढला. पोरगी रडली, तशी सत्यशीलाही रडली.

बाळाची आजी मेट्रनच्या पाया पडायला वाकली. त्यांनी तिला सत्यशीलाकडं वळवलं. "तुमच्या सुनेला हिनं सोडवलं."

नंतर चहा पिताना सत्यशीलानं विचारलं, "मॅडम, वेढा दिसला तवा तुमी गप का राहिलात?"

"मी बोलले असते तर तू हात मागं घेतला असतास. तू माझ्या तोंडाकडं बघत होतीस, म्हणून तुला दिसलं नाही. माझे हात तुझ्या हातांच्या शेजारीच होते." मेट्रन हसल्या. "आमच्या प्रभूनं पेत्र नावाच्या शिष्याला पाण्यावरून चालत यायला सांगितलं ना, तेव्हा पेत्र बुडायला लागला तर धरता यावं म्हणून प्रभूसुद्धा हात पोचेल एवढ्याच अंतरावर उभा होता."