सावलीचा उतार

"त्या उतारावर दुपारचं ऊन नाही. द्राक्षं आंबटढाण, वाइनही तसलीच!" आमचे हे धाकट्या भावाला चारचौघांत हिणवायचे. वाटणीत तो सावलीचा उतार त्याच्या गळ्यात मारला होता यांनीच.

यंदा ऊन असं तापलं की आमची द्राक्षं वेलीवरच जास्त पिकली आणि वाइन पाकासारखी जड झाली. मग यांनी गुपचूप भावजींकडून पिंपभर आंबट वाइन मागून आणली आणि आपल्यात मिसळली.

व्यापाऱ्याने घोट घेतला. "वा! काय तरतरी आहे!"

"हाताला गुण असावा लागतो," हे छाती फुगवून म्हणाले.

"एवढ्या उन्हात ही तरतरी ज्या उतारावर टिकली, तो मला बघायचाय."

यांनी माझ्याकडे पाहिलं.

"जा की घेऊन," मी म्हटलं, "भावजी घरीच आहेत."