नाव सांग

“नाव सांग,” ईना पेत्रोनेला म्हणाली.

गावोगावच्या आरोग्यसेविका भिंतीलगत प्लास्टिकच्या खुर्च्यांवर बसल्या होत्या. मक्याच्या पोह्यांची ताटली फिरता फिरता मधेच कुणाच्या तरी मांडीवर थांबली होती. एर्मेलिंदा एकटी उभी होती.

आदोनारा बेटावरची ही संस्था ईनानं उभी केलेली. लहानथोर सगळे तिला ईना, म्हणजे आईच म्हणत. बाळंतपणात धोका दिसला की गावच्या सेविकेनं फोन करायचा आणि ईनानं बाईला समुद्रापलीकडच्या दवाखान्यात न्यायला होडी पाठवायची. हे काम नीट चाललंय का, ते तपासायला बाहेरचा साहेब कशाला, आपलंच माणूस तयार करू, म्हणून ईनानंच एर्मेलिंदाला कुपांग शहरात शिकायला धाडलं होतं. परत आल्यावर तिनं एकेका सेविकेला एकटं गाठून बोलतं केलं. प्रत्येकीला शब्द दिला, नाव फुटणार नाही.

आणि आज तिनं सगळ्यांसमोर सांगितलं होतं: एका सेविकेला रक्तस्राव दिसला, धोका कळला, तरी तिनं फोन उशिरा केला. बाई वाचली, बाळ गेलं. गाव आणि दिवस मात्र तिनं सांगितला नाही; अशी बाळं याआधीही गेली होती. उगाच होडी मागवली म्हणून ईनानं आजवर बऱ्याच जणींची चारचौघींत सालटी काढली होती, तिचीही. पुन्हा तसंच झालं तर, या धाकानं ती थांबली.

“बाळ गेलंय, पोरी. आणि तू तिला पाठीशी घालतेस?”

“पाठीशी नाही घालत, ईना.”

“मग? उद्या ती दुसऱ्या बाईच्या उशाशी बसेल. तिथंही अशीच थांबली तर? ते कुणाच्या माथी?”

हेच एर्मेलिंदानं स्वतःला कितीदा विचारलं होतं. नजर उजवीकडे जाऊ नये म्हणून ती दाराबाहेरच्या समुद्राकडे बघत राहिली. उजवीकडे बेनेदिक्ता बसली होती. तिची खुर्ची करकरली. ती उठतेय की काय?

“मी नाव सांगितलं,” एर्मेलिंदा घाईनं म्हणाली, “तर उद्यापासून मला सगळ्या एवढंच सांगतील, की फार छान चाललंय. आणि तुम्हाला फोन आणखी उशिरा येतील.”

“म्हणजे बाळ माझ्यामुळं गेलं?”

“ती थांबली, ईना. पण ती तुम्हाला भिऊन थांबली.”

“तुझा जन्म माझ्या हातांत झालाय. ठाऊक आहे ना?”

“ठाऊक आहे.”

“तरी सांगत नाहीस.”

“नाही.”

“नको सांगूस. मीच ओळखते. चेहरा लपत नाही.”

ईना उठली आणि खुर्च्यांच्या रांगेपुढून चालू लागली. पहिलीसमोर थांबली. त्या सेविकेनं मान खाली घातली. दुसरीनंही. तिसरीनं तर ईना पोचायच्या आधीच. बेनेदिक्ताची मान खाली होती, पण तिच्या शेजारणीचीही होती. शेजारणीच्या पलीकडच्या म्हातारीचीही. भिंतीच्या टोकापर्यंत एकही नजर वर उरली नव्हती.

ईना तिथंच थांबली. ती त्या खाली गेलेल्या माना बघत राहिली.

“जा,” ती शेवटी म्हणाली. “बाहेर कॉफी ठेवलीय. दार लोटून घ्या. एर्मेलिंदा, तू थांब.”

बायका आवाज न करता उठल्या. बेनेदिक्ता सगळ्यांत शेवटी गेली. दार लागलं, तशी ईना सेविकांच्या रांगेतल्या एका खुर्चीवर बसली.

“सगळ्यांना विचारलंस. मला विचारलं नाहीस.”

“धीर झाला नाही, ईना.”

“आता विचार. त्यांना विचारलंस तसंच.”

एर्मेलिंदानं समोर खुर्ची ओढली.

“गावातून फोन आला की तुम्हाला आधी काय वाटतं?”

ईना आपल्या हातांकडे बघत राहिली.

“भीती,” ती म्हणाली. “माझं नाव सांगू नकोस.”