तांबडीची धार

अमेरिकेच्या सरकारनं आम्हा चेरोकी आदिवासींना आमच्या जमिनीवरून पश्चिमेकडे हाकलायचं ठरवलं. शिपायांनी अनिवेकीला भरल्या ताटावरून उठवलं आणि आमच्याबरोबर लाकडी कुंपणात आणून कोंडलं. तिचं घर, शेतातला मका, पीचची झाडं आणि तांबडी गाय, सगळं सरकारनं काढलेल्या जमिनींच्या सोडतीत टॉलिव्हर नावाच्या गोऱ्याला मिळालं.

थोड्याच दिवसांत तो स्वतः कुंपणाशी आला. "बाई, तुझी गाय अंगाला हात लावू देत नाही. लाथा झाडते. कास पार दगड झालीय तिची."

अनिवेकी उठलीच. "चला. मुक्या जिवाचे हाल नकोत." एक बंदूकवाला शिपाई सोबत दिला, तेव्हा तिला बाहेर सोडलं.

तिला बघताच गाय हंबरली. अनिवेकीनं तिच्या पोटाला डोकं टेकलं, आमच्या भाषेत काहीबाही पुटपुटली आणि धार काढली. बादली फेसानं भरली. टॉलिव्हर इतका खूश झाला, की त्यानं अनिवेकीच्याच घरातल्या वाडग्यात तिला दूध दिलं.

"इतकी गुणी गाय," तो अगदी मनापासून म्हणाला, "तुम्हा लोकांना सोडून जाववतं तरी कसं?"

अनिवेकीनं दूध संपवलं, तोंड पुसलं. "'नका जाऊ' म्हणा, राहते की."

शिपायाला हसू आवरेना. टॉलिव्हरनं बादली उचलली, घरात गेला आणि आतून कडी घातली.

तो पुन्हा कुंपणाकडे फिरकला नाही. गाय आटली, असं मागाहून कानावर आलं.