विमा नाकारलेलं गाव

माणूस किती जगणार हे विमा कंपनीतलं यंत्र सांगायचं, आणि ते कधी चुकलं नव्हतं. उन्हाळी इंटर्नशिपला आलेल्या रुचिरा थिटेसमोर त्या सकाळी यंत्रानं कासारवेढे गावातल्या प्रत्येकाचा विमा नाकारला, अगदी तान्ह्या बाळांचासुद्धा.

"वरचं धरण फुटणार असेल," तिचे वरिष्ठ बेहेरे सर म्हणाले. "यंत्र कारण सांगत नाही."

"मग गावाला कळवायला नको?"

"ते आपलं काम नाही. कुठं बोलू नकोस."

रुचिराची थोरली बहीण त्याच गावात शिक्षिका होती. रुचिरानं जिन्यात जाऊन फोन लावला. "ताई, काही विचारू नकोस. मुलांना घे आणि आत्ताच्या आत्ता पुण्याला निघ."

संध्याकाळी ताई आली. रुचिरानं भाच्यांना घट्ट जवळ घेतलं. धाकट्याचं अंग तापलं होतं.

"गावात घरोघरी ताप आहे गं," ताई म्हणाली. "उतरेल."

दुसऱ्या दिवशी यंत्र पुण्यातले विमे नाकारू लागलं.

"सुरुवात कोथरूडपासून झालीय," बेहेरे सर म्हणाले. "तू तिकडेच राहतेस ना?"

रुचिरानं घड्याळात पाहिलं. थोरला भाचा या वेळी सोसायटीतल्या मुलांबरोबर खेळत असणार.